कागदावर बावीस, रस्त्यावर चौदा : ॲव्हरेजची तक्रार लढवायची कशी

पुण्यात कोथरूडच्या बाजूनं वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाणारे पुष्कळ जण तिला 'एआरएआय टेकडी' म्हणतात. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था तिथे आहे, म्हणून. नव्या गाडीच्या ब्रोशरवर 'प्रमाणित मायलेज' म्हणून जो आकडा छापतात, तो या संस्थेच्या किंवा हरियाणातल्या मानेसरच्या आयकॅटसारख्या दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीतून येतो. आणि गंमत बघा, त्याच टेकडीवर चालता चालता माणसं एकमेकांना सांगत असतात, "बावीस देईल म्हणाले होते हो, चौदाच्या वर जायलाच तयार नाही."

गेल्या काही वर्षांत नात्यातल्या नि सोसायटीतल्या सात-आठ जणांच्या अशा तक्रारी मी जवळून पाहिल्या. त्यातली एक माझीच. बहुतेक तक्रारी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात विरून गेल्या, कारण तक्रारदाराच्या हातात संतापाखेरीज काही नव्हतं. ॲव्हरेज कमी आलं एवढ्यावर कोणी तुम्हाला पैसे देत नाही. कोणी, कुठे, काय सांगून गाडी विकली हे एका हातात आणि प्रत्यक्षात काय मिळालं हे दुसऱ्या हातात, असं दोन्ही कागदावर असेल तरच बोलणं पुढे सरकतं. पहिला कागद गाडी घेताना जमवायचा असतो, दुसरा गाडी चालवताना. नव्यानं गाडी घेणाऱ्यांसाठी आणि घेऊन पस्तावलेल्यांसाठी हे क्रमानं लिहितो आहे.

आधी तो आकडा समजून घ्या

चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी एका बंद खोलीत रोलरवर उभी करतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. रस्त्याचं घर्षण नि हवेचा विरोध यांचा हिशेब करून रोलरवर तेवढा भार दिलेला असतो. मग ठरलेल्या आलेखाप्रमाणे वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं. या आलेखाला आपल्याकडे 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल' म्हणतात. युरोपच्या जुन्या चाचणीवरूनच तो घेतला आहे, फक्त वेगाची कमाल मर्यादा १२० वरून ९० वर आणली. सगळा प्रकार साधारण वीस मिनिटांचा आणि साडेदहा किलोमीटरचा. सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास. एसी बंद. पेट्रोल मापानं मोजत नाहीत. सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या धुरातला कार्बन मोजून किती इंधन जळलं ते काढतात.

आता यात काय काय नाही ते बघा. एसी नाही, चार माणसं आणि डिकीतलं सामान नाही, चांदणी चौकातली गर्दी नाही, खंबाटकी घाट नाही, पावसाळ्यातले खड्डे नाहीत, मागून हॉर्न मारणारा टेम्पो नाही. वेग सावकाश वाढतो, कारण तसं आलेखातच लिहिलं आहे.

म्हणजे तो आकडा खोटा का? नाही. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा, म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला तो उपयोगी आहे. एकीचा १८ आणि दुसरीचा २२ असेल, तर दुसरी तुमच्या हातातही बहुधा जास्तच देईल. पण 'मला २२ मिळायलाच हवेत' असं म्हणत गेलात की समोरचा वकील चाचणीच्या अटी पुढे करतो आणि तुमचा मुद्दा तिथेच बसतो. प्रमाणित आकड्यापेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी मिळणार हे मी धरूनच चालतो. शहरात आणि एसी लावून तर नक्कीच.

गाडी घेताना : तोंडी काही नको

शोरूममधला मुलगा 'सर, हायवेला पंचवीस आरामात' असं म्हणतो ना, ते त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. भांडायची गरज नाही. घरी येऊन साधा मेसेज टाका : "तुम्ही आज या मॉडेलचं ॲव्हरेज शहरात किती आणि हायवेला किती सांगितलं होतं? घरी सांगायचंय." तो मोठ्या उत्साहानं उत्तर पाठवतो. पुढच्या सगळ्या प्रकरणात हा एक मेसेज ब्रोशरपेक्षा भारी पडू शकतो. कारण ब्रोशरवरच्या आकड्याखाली 'चाचणी परिस्थितीत' अशी बारीक ओळ असते, या मेसेजखाली ती नसते.

छापील ब्रोशर, कोटेशन, पेपरातली जाहिरात (तारखेसकट सगळं पान), कंपनीच्या वेबसाइटवरच्या त्या पानाचा स्क्रीनशॉट, हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. गाडी आधीच घेतली असेल तर ब्रोशर आजच मिळवा. मॉडेल बदललं की वेबसाइटवरचं जुनं पान नाहीसं होतं. स्क्रीनशॉट आणि मेसेज हा इलेक्ट्रॉनिक पुरावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्याबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून मूळ फोन जपा, चॅट डिलीट करू नका.

बारीक अक्षरांबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. ९ जून २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. तळटीप मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये हवी, आणि तळटीप देऊन मूळ दावा फिरवता येत नाही, असं त्यात आहे. मराठी पेपरात मराठी जाहिरात आणि खाली मुंगीएवढी इंग्रजी ओळ असेल, तर ते कात्रण सोन्यासारखं सांभाळा.

वही : सगळं प्रकरण हिच्यावर उभं राहतं

डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा हा तुमचा पुरावा नव्हे. इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून संगणकानं बांधलेला तो अंदाज असतो, आणि माझ्या पाहण्यात तो बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा थोडा गोडच निघतो. त्याचा फोटो मात्र काढत जा. कंपनीच्या स्वतःच्याच यंत्रावर १३ दिसत असेल, तर 'तुमचं मोजमाप चुकीचं' म्हणणं तिला अवघड जातं.

खरं मोजमाप टाकी फुल ते टाकी फुल. सगळ्यांना माहीत असतं, आणि जवळजवळ सगळे चुकीचं करतात.

एक पंप ठरवा, शक्य तर एकच नोझल. गाडी दर वेळी त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून उभी करा. जमीन उतरती असेल तर टाकीत कमी-जास्त मावतं. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबायचं. पंपावरचा पोरगा 'साहेब, राउंड फिगर करतो' म्हणतो, त्याला नको म्हणा. गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये शिरतं. ते वाया जातंच, वर तो भाग खराब होतो तो वेगळा.

ट्रिप मीटर शून्य करा. बिल घ्या आणि बिलाचा, ओडोमीटरचा फोटो एकाच वेळी काढा. थर्मल कागदावरची शाई चार महिन्यांत उडते, नुसतं बिल ठेवून उपयोग नाही. माझ्या वहीत दर वेळी एवढ्या गोष्टी असतात : तारीख, पंप, ओडोमीटर, लिटर, टायरमधली हवा, एसी किती वेळ, माणसं किती, आणि शहर की हायवे. शेवटचा रकाना लोक गाळतात. नेमका तोच रकाना समोरचा वकील विचारतो.

आता हिशेब. समजा एकदा १५ लिटरवर १५० किलोमीटर गेलात, म्हणजे १०. पुढच्या वेळी ४० लिटरवर ८०० किलोमीटर, म्हणजे २०. या दोघांची सरासरी १५ काढाल तर चुकाल. एकूण ९५० किलोमीटर भागिले एकूण ५५ लिटर, म्हणजे १७.३ हे खरं उत्तर. सगळे किलोमीटर एकत्र, सगळे लिटर एकत्र, मग भागाकार.

याच पद्धतीचा दुसरा फायदा असा की नोझल आज जरा लवकर बंद पडलं, उद्या उशिरा, यानं मधल्या भरण्यांमध्ये काही बिघडत नाही. आज कमी बसलेलं उद्या जास्त बसतं. चूक राहते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्यात. एकाच टाकीवर हिशेब केलात आणि तीस लिटरमध्ये एक लिटर इकडचं तिकडे झालं, तर तीन टक्क्यांहून जास्त चूक. दहा टाक्यांवर केलात तर तेच एक लिटर तीनशे लिटरमध्ये मुरतं. म्हणून किमान आठ-दहा टाक्या. अडीच-तीन महिने लागतील. लागू द्या.

ओडोमीटर खरा आहे का तेही एकदा तपासा. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी किंवा मोबाइलच्या जीपीएसशी पन्नास-एक किलोमीटरवर ताडून बघा. मूळ मापाऐवजी मोठे टायर बसवले असतील तर ओडोमीटर कमी किलोमीटर दाखवतो आणि तुमचं ॲव्हरेज आहे त्याहून वाईट दिसतं. हे तुम्ही आधी शोधलेलं बरं. पुढे ग्राहक आयोगासमोर दुसऱ्यानं शोधून दाखवलं तर सगळी वहीच संशयात येते.

आणि एक टाकी मुद्दाम, फक्त प्रयोगासाठी जाळा. पहाटे, एसी बंद, दोघंच जण, हवा बरोबर, ताशी ७०-८० च्या आत, जाऊन-येऊन. 'जाऊन-येऊन' याला महत्त्व आहे. मुंबईहून पुण्याला येताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर वर चढते. चौदाशे किलोची गाडी एवढी उचलायला, इंजिनची कार्यक्षमता धरून, पाऊण ते एक लिटर पेट्रोल जास्तीचं जातं. उतरताना त्यातलं बरंचसं वाचतं. त्यामुळे नुसत्या येण्याचा हिशेब गाडीवर अन्याय करणारा आणि नुसत्या जाण्याचा कंपनीला फुकटचं श्रेय देणारा. या टाकीचा आकडा प्रमाणित आकड्याच्या जवळ गेला, तर गाडी बहुधा ठीक आहे आणि तुमचा रस्ता वाईट आहे. इतक्या लाडानंही आकडा खूप खाली राहिला, तर पुढे जायला कारण आहे.

सीएनजीवाल्यांनी किलो मोजायचे. पंपावर दाब कमी असला की टाकी 'फुल' होऊनही गॅस कमी बसतो. म्हणून एखाद-दोन भरण्यांवरून काही ठरवू नका, वीस-पंचवीस भरण्यांचे एकूण किलो धरा.

गाडीला दोष देण्याआधी

माझी गोष्ट इथे येते. एका बड्या कंपनीची छोटी हॅचबॅक, कागदावर २१, माझ्या वहीत पावणेतेरा. पाच महिने मी डीलरशी भांडत होतो आणि तो मला गाडी चालवायला शिकवत होता. शेवटी आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकनं गाडी जॅकवर उचलून चारही चाकं हातानं फिरवली. मागचं डावं चाक अर्ध्या फेरीत थांबत होतं. ब्रेक धरून बसला होता. दुरुस्तीनंतर त्याच रस्त्यावर सोळाच्या पुढे गेली. मग कोर्टाचा विषयच संपला. डीलरच्या सर्व्हिसिंगमध्ये तीनदा गाडी जाऊन हे दिसलं कसं नाही, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे.

म्हणून हे आधी बघून घ्या. चाकं मोकळी फिरतात का. टायरमध्ये हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे आहे का, आणि तीही टायर थंड असताना. अलाइनमेंट. एअर फिल्टर. क्लच घसरतो का. इंजिन गरम व्हायला फार वेळ घेतं का, म्हणजे थर्मोस्टॅट उघडा अडकलेला नाही ना. नवी गाडी असेल तर पहिले पाच हजार किलोमीटर हिशेबात धरू नका.

चालवणाऱ्याचाही वाटा असतो. द्रुतगती मार्गावर ८० ऐवजी ११० नं गेलात तर हवेचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. (तिथे सपाटीवर मोटारींना मर्यादा १०० ची आहे, ते वेगळंच.) एसी लावून गाडी चालू ठेवून कोणाची वाट बघत बसलात, तर तासाला पाऊण-एक लिटर जातं आणि किलोमीटर शून्य.

पेट्रोलचा भाग सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे. पंपावर आता ई२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात म्हटलं आहे की साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० ला जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटतं, ई१० साठी बनवून ई२० ला जुळवलेल्यांचं एक-दोन टक्क्यांनी. आता कोणी 'इथेनॉलमुळे बावीसचे चौदा झाले' असं सांगितलं तर हसून सोडून द्या. छत्तीस टक्के घट इथेनॉलच्या अंगावर ढकलता येत नाही. उलट कंपनीनं हेच कारण पुढे केलं, तर नीती आयोगाचा हा आकडा तुमच्या कामाला येतो.

पंपाच्या मापाचाही संशय फेडून घ्या. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाची (वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याची) मोहोर असलेलं पाच लिटरचं माप असतं आणि ते मागायचा तुम्हाला हक्क आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंत फरक चालतो. म्हणजे अर्धा टक्का. त्यापेक्षा जास्त कमी भरलं तर तक्रार वेगळी, वैधमापनकडे.

सर्व्हिस सेंटर : जॉब कार्डावर ओळ हवीच

काउंटरवर बोललेलं हवेत जातं. गाडी आत देताना सर्व्हिस ॲडव्हायझर जॉब कार्ड भरतो, त्यात 'ग्राहकाची तक्रार' असा रकाना असतो. तिथे "ॲव्हरेज कमी. दहा टाक्यांच्या नोंदीप्रमाणे अमुक. ब्रोशरप्रमाणे तमुक" असं लिहायला लावा. ते 'जनरल चेकअप' लिहून मोकळे होतात. सही करायच्या आधी वाचा. प्रत घ्या. दर वेळी.

मग ते 'मायलेज टेस्ट' करू म्हणतील. त्यांचा माणूस गाडी घेऊन मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये पन्नासच्या वेगानं, एसी बंद करून जातो आणि २३ आणून दाखवतो. जादूच. चिडू नका, ही चाचणी करून घ्या, फक्त सोबत बसा आणि अहवाल लेखी मागा : किती किलोमीटर, कोणता रस्ता, वेग, एसी, इंधन कसं मोजलं. लेखी द्यायला नकार दिला तर त्याच संध्याकाळी ई-मेल करा : "आज अमुक वाजता अशी चाचणी झाली, अहवाल मागितला, मिळाला नाही." उत्तर आलं नाही तरी तारीख लागते.

हे दोन वेळा झालं की डीलरला सोडून कंपनीच्या ग्राहक विभागाला लिहा. जॉब कार्डांच्या प्रती, वहीचा गोषवारा, ब्रोशर. मागणी एकच आणि स्पष्ट ठेवा. 'न्याय मिळावा' ही मागणी होत नाही. "गाडीची संपूर्ण तपासणी करून दोष दूर करावा, न झाल्यास अमुक रुपये भरपाई द्यावी" ही मागणी झाली.

भरपाईचा आकडा काढायचा कसा

इथे हात आखडता घेतलेला बरा. समजा दावा २० चा, मिळतात १४, वर्षाला १२,००० किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये धरू. २० नं ६०० लिटर, १४ नं ८५७. फरक २५७ लिटर, म्हणजे वर्षाला साधारण २७,००० रुपये. पण प्रत्यक्षात १७ मिळाले असते तर तुम्ही तक्रारच केली नसती, हे मनात कबूल करा. १७ नं ७०६ लिटर, फरक १५१ लिटर, म्हणजे वर्षाला जवळपास १६,००० रुपये. हे दोन्ही हिशेब तक्त्यासकट मांडा. 'पाच लाख मानसिक त्रासाचे' असं लिहिणाऱ्याकडे कोणी गंभीरपणे बघत नाही. स्वतःच्याच विरुद्ध जाणारा आकडा मांडणाऱ्याकडे बघतात.

किती फरक असला की लढावं

दोन निकाल ध्यानात ठेवा. केरळमध्ये त्रिशूरच्या जिल्हा ग्राहक आयोगानं २०२२ मध्ये फोर्ड क्लासिक डिझेलच्या प्रकरणात निकाल दिला. ब्रोशरमध्ये लिटरला ३२ किलोमीटरचा दावा होता. आयोगानं नेमलेल्या तज्ज्ञानं गाडी रस्त्यावर चालवून बघितली तेव्हा १९.६ मिळाले. म्हणजे ३९ टक्के कमी. कंपनी आणि डीलर यांनी तीन लाख भरपाई आणि दहा हजार खर्च द्यावा असा आदेश झाला. गाडी २०१४ ची होती, हेही विसरू नका. म्हणजे निकाल हाती यायला किती वर्षं लागली ते कळेल.

दुसरा राष्ट्रीय आयोगाचा, जानेवारी २०२४ चा, मारुती सुझुकीच्या एका गाडीबद्दल. २००४ मधल्या जाहिरातीत १६ ते १८ असं म्हटलं होतं, ग्राहकाला मिळाले १०.२. खालच्या आयोगानं दिलेली एक लाखाची भरपाई राष्ट्रीय आयोगानं कायम ठेवली. जाहिरातीत असा ठोस दावा करून ग्राहकाची दिशाभूल करणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरली.

दोन्हीकडे घट चाळीस टक्क्यांच्या आसपास आणि दोन्हीकडे कागदावर दावा होता. इंजिनात अमुक दोष आहे हे सिद्ध करण्यापेक्षा जाहिरातीनं दिशाभूल केली हे दाखवणं सोपं पडतं, असं माझं मत यावरूनच बनलं. वीस टक्क्यांच्या फरकावर मी कोणाला आयोगात जायला सांगणार नाही. तीसच्या पुढे, नोंदी पक्क्या असतील तर, जरूर.

१९१५ ते आयोग

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. फोन फुकट, मराठीतही बोलता येतं, तक्रार कंपनीकडे पाठवली जाते. तिला आदेश द्यायचा अधिकार नाही, पण मोठ्या कंपन्या इथे उत्तर देतात आणि ते उत्तर तुमच्या फाइलीत जातं. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या जुन्या संस्थेकडूनही मार्गदर्शन मिळतं. वकिलाकडे जाण्याआधी तिथे एकदा बोलावं. जाहिरातच खोटी वाटत असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे वेगळी तक्रार करता येते. ते पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पण त्यातून तुमच्या खिशात काही येत नाही.

मग नोटीस. डीलर आणि कंपनी दोघांनाही, स्पीड पोस्टानं, पोचपावतीसकट, पंधरा किंवा तीस दिवसांची मुदत देऊन. एकालाच पाठवलीत तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

उत्तर नाही आलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असलं तरी साताऱ्याच्या माणसाला साताऱ्यातच दाखल करता येते. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. फी पाच लाखांपर्यंत काही नाही, दहापर्यंत २०० रुपये, वीसपर्यंत ४००, पन्नासपर्यंत १,०००. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, वकील असलाच पाहिजे असं नाही, आणि अर्ज केला तर सुनावणी व्हिडिओवरूनही होऊ शकते. गाडी कंपनीच्या नावावर धंद्यासाठी घेतली असेल तर मात्र तुम्ही 'ग्राहक' नाही असा आक्षेप येतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी टॅक्सी चालवणाऱ्याला सूट आहे.

मुदत दोन वर्षं. तक्रारीचं कारण घडलं तेव्हापासून. डीलर गोड बोलून 'पुढच्या सर्व्हिसिंगला बघू' करत अठरा महिने काढतो, हे पुष्कळदा पाहिलं आहे. कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

तक्रारीत याच कायद्याच्या कलम ३८(२)(ग) खाली तपासणीची मागणी सुरुवातीलाच घाला. गाडीत दोष आहे असं तुम्ही म्हणता तेव्हा तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय ते टिकणं कठीण, आणि या कलमाखाली आयोग योग्य प्रयोगशाळेकडे गाडी पाठवू शकतो. अहवाल ४५ दिवसांत यायचा असतो, खर्च आधी तुम्हाला भरावा लागू शकतो. तपासणी कशी व्हावी तेही सुचवा : रस्त्यावर, शहर आणि हायवे दोन्ही, एसी चालू आणि बंद, दोन्ही पक्षांसमोर, टाकी फुल ते टाकी फुल. पुन्हा रोलरवरच चाचणी झाली तर कंपनीचाच आकडा परत येईल आणि तुमचा मुद्दा तिथेच संपेल.

कायद्यात निकालाची मुदत तीन महिने, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात किती लागतात ते त्रिशूरवरून कळलंच आहे. मध्येच आयोग मध्यस्थीला पाठवतो. तिथे कंपनीनं मोफत दुरुस्ती, वॉरंटीत वाढ आणि काही रोख रक्कम असं देऊ केलं, तर मी घेईन. निकाल विरुद्ध गेला तर राज्य आयोगात अपील ४५ दिवसांत.

आणि प्रकरण चालू असेपर्यंत गाडी विकू नका, तज्ज्ञाला चालवायला गाडीच नसेल तर तपासणी कसली करणार. टायरचं माप बदलू नका, बाहेरून सीएनजी किट बसवू नका, सर्व्हिसिंग कंपनीच्याच सेंटरमध्ये वेळच्या वेळी करा, कितीही जिवावर आलं तरी. वही लिहिणंही थांबवू नका. तक्रार दाखल केल्याच्या दिवशी नोंदी संपल्या असतील, तर पहिल्याच तारखेला 'नंतर ॲव्हरेज सुधारलं असेल' असं समोरून ऐकावं लागतं.